बारीक आवाजाची सुमनबाई

सुमनबाईचा आवाज जन्मापासूनच बारीक. पुणतांब्याच्या शाळेत गुरुजी हजेरी घ्यायचे तेव्हा ती "हजर" म्हणायची, पण ते गुरुजींच्या टेबलापर्यंत पोचायचंच नाही. वर्गात बसलेली असूनही तिची गैरहजेरी लागायची. उलट तिची आई भीमाबाई. तिनं गोदावरीच्या अलीकडून हाक मारली की पलीकडचा माणूस मान वर करून बघायचा. लेकीकडे बघून भीमाबाई कपाळाला हात लावायची. "हिच्या गळ्यात कुनी कापूस कोंबलाय का काय की!"

सुमनला गाण्याचं वेड होतं. जयंतीला विहारासमोर मुली गाणी म्हणायला उभ्या राहात, तेव्हा तिला मागच्या रांगेत उभं करत. गाणी बसवणाऱ्या बाई एकदा तिच्याजवळ आल्या आणि प्रेमानंच म्हणाल्या, "सुमन, तू नुसते ओठ हलव. बाकीच्या म्हणतील." त्या वर्षी सुमननं सगळ्या गाण्यांना नुसते ओठ हलवले. पुढच्या वर्षीही हलवले. मग तिनं विहारासमोर उभं राहायचंच सोडलं. गाणं मात्र सुटलं नाही. रानात कांदे काटायला बसली की बाकीच्या बायका गप्पा मारायच्या आणि ही खाली मान घालून स्वतःशीच काहीतरी गुणगुणायची. ऐकलेली गाणी संपली की मनानंच नवी जोडायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "काय न्हाई, असंच."

लग्न झालं ते काष्टीच्या कचरू ओहोळशी. कचरू म्हणजे मच्छिंद्रच्या गायन पार्टीतला ढोलकीवाला. श्रीगोंदा तालुक्यात त्याच्या ढोलकीचं नाव होतं. नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत प्रेसवर नोकरी लागली, तिथल्याच चाळीत खोली घेतली, तरी त्यानं पार्टी सोडली नाही. सहा दिवस कारखान्यात पत्रा कापायचा आणि सुटीच्या दिवशी कुठं जयंती, कुठं लग्न, कुठं वास्तुशांतीसारखा कार्यक्रम असेल तिथं ढोलकी घेऊन पळायचा. मोठमोठ्या गळ्याच्या गायकांत वावरणारा नवरा. त्याच्यासमोर सुमननं कधी गाण्याचा ग काढला नाही. संसार झाला, यशोधरा झाली, ती शाळेत जायला लागली, तरी बायको गाते हे कचरूला माहीत नव्हतं.

एक्याण्णव-ब्याण्णवच्या सुमारास कचरूच्या कानानं दगा दिला. सुरुवातीला तो नुसता "काय म्हनलीस?" असं सारखं विचारायचा. मग कानात रातकिडा बसल्यासारखा आवाज सुरू झाला, तो दिवसरात्र थांबेना. आणि त्यानंतर आलं ते सगळ्यांत वाईट. मोठा आवाज झाला की कानात सुई खुपसल्यासारखी कळ जायची. इतकी वर्षं प्रेसच्या दणदणाटात उभं राहिल्याचं ते फळ होतं. नगरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आतली नस गेली आहे, औषध नाही, आहे ते सांभाळा, आवाजापासून लांब राहा.

साहेबांच्या मागं लागून लागून त्यानं प्रेसवरून गोडाऊनमध्ये बदली करून घेतली. पण ढोलकीचं काय? एका कार्यक्रमात पहिल्याच थापेला त्याचे डोळे पाण्यानं भरले आणि प्रेक्षकांना वाटलं, गडी रंगलाय. घरी येऊन त्यानं ढोलकीला गवसणी घातली आणि ती पोटमाळ्यावर ठेवली. मच्छिंद्र भेटायला आला, बराच वेळ बसला. "कचरू, तुझ्यावाचून पार्टी लंगडी रे," म्हणाला आणि ते खरंच होतं. पण पार्टी कुणासाठी थांबत नाही. मच्छिंद्रनं कॅसिओ घेतला, ऑक्टोपॅड घेतला, माणसाच्या उंचीचे साऊंड बॉक्स घेतले.

घरात कचरू चिडका झाला. पातेल्यावर झाकण पडलं तरी ओरडायचा. यशोधरेनं रेडिओ लावायचा बंद केला. मायलेकी घरात चोरपावलानं वावरायला लागल्या. शेजारपाजारचे म्हणत, ओहोळांच्या खोलीत माणसं राहतात का नाही कळत नाही.

असाच एक रविवार. दुपारची वेळ. कचरू भिंतीकडे तोंड करून पडला होता. सुमन उंबऱ्यात मेथी निवडत बसली होती. तो झोपला असं समजून ती आपल्या सवयीनं गुणगुणायला लागली. थोड्या वेळानं तिला जाणवलं, तो उठून बसलाय.

"काय म्हनत हुतीस?"

सुमन घाबरली. "काय न्हाई. झोपा तुमी."

"पुन्हा म्हन."

"अहो, तुमचा कान दुखल."

"न्हाई दुखत," कचरू म्हणाला. त्याचा चेहरा वेगळाच दिसत होता. "तेच सांगतोय. न्हाई दुखत. म्हन."

सुमनला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं त्याच्याकडे पाठ फिरवली आणि मेथीच्या जुडीकडे बघत, होता तेवढा आवाज काढून ती गायली:

नदी उतरली बाई, वाळू उघडी पडली
माझ्या माहेराची वाट, तिला पुसून सापडली

गाणं संपलं. वळून बघितलं तर कचरू तोंडावर पंचा धरून बसला होता. "कुनाचं हाय हे?" त्यानं विचारलं.

"माजंच."

"इतकी वर्सं का न्हाई सांगितलंस?"

"तुमी कवा इचारलंत?" सुमन म्हणाली. बोलून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

पुढच्या सुटीला कचरू काष्टीला गेला आणि वडिलांची एकतारी घेऊन आला. त्याचे वडील छगनबाबा म्हातारपणी अंगणात बसून एकतारीवर भजनं म्हणायचे. ते गेल्यापासून ती खुंटीला धूळ खात होती. कचरूनं ती पुसली, नवी तार चढवली. एका बोटानं तार छेडायची आणि अंगठ्याच्या नखानं खालच्या भोपळ्यावर हलकेच ठोका द्यायचा, अशी त्याची त्यानंच रीत बसवली. ढोलकीवाल्याचा हात होता, तालाला कुठं कमी पडला नाही. सुमन त्याच्या डाव्या बाजूला बसायची, कारण डावा कान त्यातल्या त्यात बरा होता.

रविवारी दुपारी खोलीपुढच्या कट्ट्यावर दोघं बसू लागली. लोकांना ऐकवायला नव्हे, त्यांचं त्यांनाच बरं वाटायचं म्हणून. पण चाळीत कुठली गोष्ट एकट्याची राहते? आधी शेजारची दया आली. मग रात्रपाळी करून उठलेले दोघेचौघे आले. गंमत अशी की या गाण्याला लांबून ऐकायची सोय नव्हती. ऐकायचं तर जवळ यावं लागायचं, जवळ येऊन गप्प बसावं लागायचं. कुणाच्या घरात मिक्सर चालू असला तर दुसरा जाऊन "जरा थांबवता का?" म्हणून सांगायचा. एरवी नळावर एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या बायका शेजारी शेजारी बसून माना पुढं काढून ऐकायच्या. गाणीही कसली? नळाच्या रांगेवरची, भोंगा झाल्यावर घरी न आलेल्या माणसावरची, लेकीच्या पहिल्या सायकलीवरची. ऐकणाऱ्याला वाटायचं, ही बाई आपल्याला काही ऐकवत नाहीये, तिच्या मनातलं चाललंय आणि आपल्याला ते चुकून ऐकू आलंय. त्यामुळं कुणाला उठून जाववत नसे.

ही बातमी फिरत फिरत मच्छिंद्रपर्यंत गेली. तो धावतच आला. "कचरू, वहिनी गात्यात आन मला परक्यानं सांगावं? येत्या जयंतीला काष्टीत आपल्या स्टेजवर तुमी दोघं. बास. न्हाई म्हनायचं न्हाई."

"मच्छिंद्र, माझा कान..." कचरू म्हणाला.

"तुमच्या येळंला सगळं बंद ठेवू. निस्ता माईक."

सुमननं नको म्हणायला तोंड उघडलं होतं. पण कचरूच्या डोळ्यांत काष्टीचं स्टेज दिसत होतं. पुन्हा एकदा गावासमोर बसायचं, ढोलकी नाही तर नाही, एकतारी घेऊन. तिनं मान डोलावली.

चौऱ्याण्णवची जयंती. काष्टीत माणूस नुसतं उसळलेलं. निळे झेंडे, मिरवणूक, ट्रॅक्टरवर लावलेले भोंगे. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला मच्छिंद्रनं स्टेजवरून दोघांचं नाव पुकारलं आणि शब्द दिल्याप्रमाणे सगळी वाद्यं थांबवली. कचरू कानात बोळे घालून बसला होता. सुमननं पांढरं लुगडं नेसलं होतं, पदर डोक्यावरून घट्ट धरला होता. तिनं पहिली ओळ म्हटली. ती पुढच्या रांगेलासुद्धा ऐकू गेली नाही.

"आवाज येईना!" कुणीतरी ओरडलं.

माईकवाल्यानं बिचाऱ्यानं आवाज वाढवला. आणखी वाढवला. आणि एकदम त्या माणसाच्या उंचीच्या बॉक्समधून कर्कश शिट्टी फुटली. सगळ्यांनीच कानावर हात ठेवले. कचरू मात्र किंचाळला. एकतारी हातातून सुटून स्टेजच्या फळीवर आपटली. तो दोन्ही हातांनी डोकं धरून, धडपडत पायऱ्या उतरून अंधारात गेला.

सुमन एकटी उरली. समोर एवढा जनसमुदाय. कुणी हसत होतं, कुणी शिट्टी वाजवत होतं. तिच्या मनात आलं, नुसते ओठ हलवावेत. कुणाला कळणार होतं? पण तिनं तसं केलं नाही. ती वाकली, एकतारी उचलली, लोकांना हात जोडले आणि खाली उतरली. मागं मच्छिंद्रनं घाईनं दुसरं गाणं सुरू केलं आणि दोन मिनिटांत लोक ते विसरूनही गेले.

कचरू तिला तालमीच्या भिंतीमागं सापडला. उकिडवा बसला होता. उजव्या कानातून काहीच ऐकू येईना, असं म्हणाला. तो कान मग परत आला नाही.

"माज्यापायी तुजी शोभा झाली," तो म्हणाला.

"माजी कसली शोभा? मला कोन वळखतंय हितं?" ती त्याच्या डाव्या बाजूला बसली. "उठा. यष्टी चुकंल."

त्यानंतर कट्टा सुना पडला. एकतारीच्या भोपळ्याला उभी चीर गेली होती. कचरूनं ती हातात घेतली नाही. रविवार येत आणि जात. चाळीतल्या कुणी विषय काढला की तो आत निघून जायचा. सुमनचं गुणगुणणंही थांबलं. तिला वाटायचं, आपण गायलो तर त्याला ते स्टेज आठवेल. त्याला वाटायचं, ती आता आपल्यासाठी गाणार नाही. अशी दोघं एकमेकांना जपत जपत गप्प झाली.

ती कोंडी फोडली दयानं. दया आणि तिचा नवरा स्टीफन शेजारच्याच खोलीत राहायचे. स्टीफनचे वडील योसेफ मास्तर त्यांच्याकडेच असत. दारात खुर्ची टाकून बसायचे, येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करायचे. नात एंजेला हा त्यांचा जीव की प्राण. तिचं लग्न ठरलं, तारीख धरली, चर्चमध्ये तिच्या लग्नाचा जाहीर पुकारा झाला आणि मास्तर आजारी पडले. जाण्याआधी त्यांनी सगळ्यांना बजावलं, "माझ्यासाठी पोरीचं लग्न पुढं ढकलायचं नाही." मास्तर गेले. तारीख जवळ येऊन ठेपली. लग्न तर करायचं, पण दुःखाच्या घरात वाजंत्री कशी लावायची? स्टीफननं बँडवाल्याला नको म्हणून सांगितलं. मंडपही साधाच.

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी दया सुमनकडे आली.

"सुमनताई, माझी पोरगी मुक्यानं हळदीला बसणार का गं? बँड नको मला. पण एक गाणंसुद्धा नाही म्हणजे..." तिनं डोळे पुसले. "तुम्ही दोघं या. तुमच्या गाण्यानं मेलेल्या माणसाचाही अपमान होणार नाही आणि जिवंत माणसाचाही."

"दयाबाई, आमाला तुमच्यातली गानी येत न्हाईत," सुमन म्हणाली.

"तुमचीच म्हणा."

सुमननं कचरूकडे बघितलं. त्याला कितपत ऐकू आलं होतं कोण जाणे, पण दयाचा चेहरा त्याला दिसत होता. तो उठला, एकतारी काढली आणि चीर निरखत बसला. संध्याकाळी कामावरून येताना त्यानं टाकाऊ पत्र्याची एक पातळ पट्टी मागून आणली. ती भोपळ्याभोवती आवळून बसवली, फटीत रंगारी भरतात ती लांबी भरली. तार छेडून बघितली. आवाज पहिल्यापेक्षाही दबका निघाला.

"चालंल का?" त्यानं विचारलं.

"उलट बरा हाय," सुमन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एंजेला पाटावर बसली. बायका जमल्या होत्या, पण हसावं की रडावं कुणालाच कळत नव्हतं. मास्तरांची खुर्ची दाराशी तशीच होती. ती उचलायचा कुणाला धीर झाला नव्हता आणि तिच्यावर बसायचाही. सुमन आणि कचरू भिंतीला टेकून बसले. कचरूनं तार छेडली, नखानं ठोका धरला. सुमननं डोळे मिटले. तिनं काही ठरवून आणलं नव्हतं. जे डोळ्यांसमोर होतं तेच तोंडात आलं:

हळद लाव गं हळू, बोटं ओली डोळ्यांची
आजोबाच्या खुर्चीलाबी, एक रेघ हळदीची

दयाच्या हातात हळदीची वाटी होती. ती तशीच उभी राहिली. मग हळूहळू चालत दाराशी गेली आणि खुर्चीच्या पाठीवर तिनं हळदीचं बोट ओढलं. पाटावरून एंजेला "आजोबा!" म्हणून हमसून रडायला लागली. तिच्याबरोबर सगळ्याच बायका रडल्या. स्टीफन इतके दिवस दगडासारखा वावरत होता, तो भिंतीकडे तोंड करून रडला. कचरू मात्र थांबला नाही. त्याचा ठोका तसाच चालू राहिला आणि त्या ठोक्यावर सुमन पुढं गात गेली. नवरीच्या कानातल्यावर, नवऱ्याच्या मोटारसायकलवर, सासूच्या चष्म्यावर. एका ओळीला कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं हसलं. बघता बघता एंजेलाच्या गालावर हळद आणि पाणी एक झालं आणि ती रडता रडता हसायला लागली. त्या घरात लग्न लागलं ते तेव्हा. चर्चमधला विधी दुसऱ्या दिवशी झाला.

याची बरीवाईट चर्चा व्हायचीच. विहाराच्या कमिटीतले काकासाहेब वाटेत भेटले तेव्हा त्यांनी कचरूला अडवलं. "काय राव, आपल्या जयंतीच्या स्टेजवरनं पळून येता आन त्यांच्यात जाऊन गाता व्हय?"

कचरूनं डावा कान पुढं केला. पण उत्तर दिलं सुमननं. पुन्हा तोच बारीक आवाज, त्यामुळं काकासाहेबांना वाकून ऐकावं लागलं.

"काकासाहेब, तितं इस्टेज नव्हतं. मानसं जवळ बसली हुती. आपल्याकडं बी असं बोलवा, आमी पायी येऊ."

काकासाहेब तेव्हा पुढं निघून गेले. पण मनाचा मोठा माणूस. पुढच्या पावसाळ्यात, वर्षावास सुरू असताना, त्यांनी विहारात दुपारचा कार्यक्रम ठेवला, माईक न लावता. सतरंजीवर माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली. तिथं सुमन पहिल्यांदा विहारात तोंड उघडून गायली. पहिलं गाणं म्हणताना तिचे डोळे मिटलेले होते. दुसऱ्याला उघडले.

त्यानंतर त्या दोघांना बोलावणी येऊ लागली. ती मोठ्या कार्यक्रमांची नसत. ज्या घरात मोठा आवाज चालणार नाही, अशी घरं त्यांना शोधत यायची. कुठं बाळंतीण, कुठं वर्षश्राद्धानंतरचं पहिलं शुभकार्य, कुठं म्हातारा अंथरुणाला खिळलेला आणि नातवाचं लग्न. बौद्धांची घरं, ख्रिस्ती घरं, नंतर नंतर मराठ्यांची आणि माळ्यांचीही. यशोधरा कॉलेजला जायला लागली होती. मैत्रिणींनी विचारलं, तुझे आईवडील काय करतात, तर आधी ती नुसतं "वडील कंपनीत" म्हणायची. पुढं "आणि दोघं गातात" असं आपणहून जोडायला लागली.

कचरूचा डावा कानही हळूहळू विझत चालला. अठ्ठ्याण्णव उजाडेपर्यंत त्याला शब्द कळेनासे झाले. मग त्यानं दुसरी युक्ती काढली. तो सुमनच्या गळ्याकडे बघून ठोका द्यायला लागला. तिचा श्वास कुठं भरतो, शीर कुठं हलते, यावरून त्याला गाणं कळायचं. कधीकधी तिचा हात आपल्या गुडघ्यावर ठेवून घ्यायचा आणि तिची बोटं सांगतील तसं वाजवायचा. ऐकणाऱ्यांना वाटायचं, या वयातही काय प्रेम आहे! सुमन लाजायची, पण हात काढून घ्यायची नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर दोघं राहुरीकडच्या एका वस्तीवर बारशाला गेले होते. फार वर्षांनी घरात पाळणा हलला होता, लोक लांबून लांबून आले होते. बाळ मात्र सकाळपासून किंचाळून रडत होतं. आजी, मावशा, आत्या सगळ्या थकल्या. नाव ठेवून झालं, पेढे वाटून झाले, तरी रडणं थांबेना. यजमानीण ओशाळून म्हणाली, "मावशी, एवढ्या कालव्यात तुम्ही काय गाणार?"

"बघते," सुमन म्हणाली.

ती पाळण्याला टेकूनच बसली. कचरूनं तिचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला. पहिल्या गाण्यात बाळाचं रडणं तिच्या आवाजावरून जात होतं, कुणाला काही ऐकू आलं नाही. तिनं आवाज चढवला नाही. तिला तो चढवताच येत नव्हता. दुसऱ्या गाण्यात बाळ मध्येमध्ये थांबायला लागलं. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर त्यानं मूठ तोंडात घातली, एक मोठा सुस्कारा टाकला आणि झोपलं.

सुमननं गाणं संपवलं. टाळी वाजवायला एकानं हात उचलले तर बाळाच्या आजीनं ओठावर बोट ठेवून डोळे वटारले. सगळी माणसं जिथल्या तिथं बसून राहिली. मग एकेक जण उठला, दाराशी आला आणि चपला हातात घेऊन अनवाणीच अंगण ओलांडून गेला. लेंगा-टोपीतले म्हातारे, जरीच्या साड्या नेसलेल्या बायका, सगळे हातात चपला घेऊन.

कचरूला काहीच ऐकू येत नव्हतं, पण ते दृश्य बघून त्याला हसू आवरेना. त्यानं सुमनकडे बघून भुवया उडवल्या. सुमननं पदर तोंडात कोंबला आणि दोघंही अंग गदगदवत, आवाज न करता, कितीतरी वेळ हसत राहिली.